परक्या हवाई तळावरचे सतरा वर्षांचे पाहुणे

दुसरे महायुद्ध संपून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच कॅनडा आणि ब्रिटन या देशांनी आपापल्या वायुछात्रांना, म्हणजे हवाई दलाच्या छायेखाली शिस्त आणि विमानविद्येचे प्राथमिक पाठ घेणाऱ्या शाळकरी मुलांना, एकमेकांकडे पाहुणे म्हणून पाठविण्याचा प्रघात पाडला. १९४८ मध्ये अमेरिका त्यात सामील झाली आणि पुढे इतर देशही आले. हाच 'इंटरनॅशनल एअर कॅडेट एक्स्चेंज' हा उपक्रम. उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुले-मुली सुमारे दोन आठवडे परदेशी जातात, पुष्कळदा तेथील कुटुंबांत राहतात आणि त्या देशाचे हवाई तळ आतून पाहतात.

अमेरिकेतर्फे 'सिव्हिल एअर पेट्रोल'चे छात्र जातात. ही संस्था १ डिसेंबर १९४१ ची. तिची छात्रशाखा पुढच्याच वर्षी निघाली आणि तीत आरंभापासून मुलींनाही प्रवेश होता. ब्रिटनची 'एअर ट्रेनिंग कोअर' फेब्रुवारी १९४१ ची. तिचे दार मुलींसाठी उघडण्यास मात्र १९८० चे दशक उजाडावे लागले. परदेशी जाण्यासाठी अमेरिकन छात्राचे वय किमान सतरा लागते आणि त्याने परीक्षांच्या व नेतृत्वाच्या बऱ्याच पायऱ्या चढून अमेलिया इअरहार्ट यांच्या नावाचा सन्मान मिळविलेला असावा लागतो. केवळ पैसे भरून ही सहल करता येत नाही.

आपल्यासारख्या घरांतून येथे एक शंका हमखास निघते. मुलाला गणवेश घालून लढाऊ विमानांजवळ कशाला न्यायचे? शंका गैर नाही. तथापि या दोन्ही संस्थांतील छात्र सैनिक नसतात आणि पुढे सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नसते. परत आल्यावर कोणी वैद्य होतो, कोणी हिशेबनीस. दुसरी गोष्ट अशी की, हवाई तळावर ही मुले जे प्रत्यक्ष पाहतात त्यात लढाईचा अंश थोडा आणि निगुतीने केलेल्या कामाचा अंश फार मोठा असतो.

ब्रिटिश छात्राला टोपीवाचून बाहेर पडू नये असे वर्षानुवर्षे शिकविलेले असते. अमेरिकन तळावर विमाने उभी असतात त्या फरसबंदीवर पाऊल ठेवताना त्याला टोपी काढून ठेवण्यास सांगतात. कारण साधे आहे. उडालेली टोपी इंजिनात खेचली गेली तर काही कोटींचे यंत्र निकामी होते. याच कारणासाठी कर्मचारी खांद्याला खांदा लावून रांगेने, जमिनीवर नजर खिळवून चालतात आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा असे जे सापडेल ते वेचतात. हे काम हुद्द्याने मोठे असलेलेही करतात.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसहून उड्डाण करताना कोसळलेले कॉन्कॉर्ड विमान अनेकांना आठवत असेल. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून गळून पडलेली, हातभरही नसलेली एक धातूची पट्टी धावपट्टीवर होती. तिने चाक फाटले, फाटलेल्या रबराचा तडाखा इंधनाच्या टाकीला बसला आणि विमानातील व जमिनीवरील मिळून ११३ माणसे गेली.

दुरुस्तीच्या शाळेत भिंतीवर एक फळा असतो. त्यावर प्रत्येक पान्ह्याची, पेचकसाची आकृती कोरलेली असते व ते हत्यार त्याच जागी बसते. काम संपल्यावर एक जरी जागा रिकामी दिसली तरी हत्यार सापडेपर्यंत ते विमान हलत नाही. बँकेत रोखपालाच्या खिडकीशी ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. रोकड जुळल्यावाचून घरी जाता येत नसे. दहा रुपयांचा फरक असला तरी साऱ्या शाखेचे दिवे जळत राहत. सतराव्या वर्षी मुलाने हे परक्या माणसांकडून, परक्या भाषेत ऐकले तर ते अधिक मुरते असे मला वाटते. घरी आपण हेच सांगतो तेव्हा मुले कंटाळतात!

पक्ष्यांचा प्रश्नही असाच. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत हंसासारखे मोठे पक्षी शिरले आणि वैमानिकाने ते हडसन नदीत उतरविले. १५५ जण वाचले. ब्रिटनमधील हवाई तळांवर गवत मुद्दाम वीतभर उंच वाढू देतात. उंच गवतात पक्ष्यांना भोवतालचे दिसत नाही, म्हणून ते तेथे उतरत नाहीत. शिवाय भ्यालेल्या पक्ष्याच्या ओरडण्याचे ध्वनिमुद्रण वाजवून थवे उठवितात. पक्षी न मारता त्यास दूर ठेवण्याची ही रीत आपल्या वाचकांना विशेष रुचेल. आपल्या देशातही १९३७ च्या विमान नियमांत विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पशुहत्या करण्यास व घाण टाकण्यास मनाई आहे, ती याच कारणाने. लोहगावचा हवाई दलाचा तळ हाच पुण्याचा प्रवासी विमानतळ. तेथून प्रवास करणाऱ्या किती जणांना हा नियम ठाऊक असेल?

ब्रिटनमध्ये वायुछात्रांचे मुख्यालय लिंकनशायरमधील क्रॅनवेल येथे आहे. १९२० साली तेथे वैमानिक अधिकाऱ्यांचे महाविद्यालय निघाले. उंची कमी म्हणून प्रथम नाकारलेला फ्रँक व्हिटल पुढे १९२३ मध्ये हवाई दलात कारागीर-उमेदवार म्हणून लागला आणि गुणांच्या बळावर या महाविद्यालयात पोहोचला. एकविसाव्या वर्षी लिहिलेल्या प्रबंधात त्याने भविष्यातील वेगवान विमानांचा विचार मांडला आणि १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारला रस नव्हता. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड ना त्याच्याजवळ होते, ना मंत्रालयाने दिले; पेटंट गेले. पाच पौंड! कर्जमंजुरीच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही या आकड्याने अस्वस्थ वाटावे. १५ मे १९४१ रोजी त्याच्या इंजिनाचे विमान याच क्रॅनवेलवरून सतरा मिनिटे उडाले. उत्तरायुष्यात व्हिटल अमेरिकेत स्थायिक झाला, तेथेच १९९६ मध्ये वारला. त्याच्या अस्थी मात्र क्रॅनवेलच्या चर्चमध्ये आहेत.

आपला संबंधही या जागेशी आहे. १९३० मध्ये पहिले सहा भारतीय तरुण येथे शिकावयास गेले. त्यांतील सुब्रतो मुखर्जी १९५४ मध्ये भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

यजमान घरातल्या दिवसांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. जेवण निराळे, झोपेच्या वेळा निराळ्या, तिसऱ्या दिवशी घरची आठवण. निघताना छात्र आपापल्या बाहूवरचे बिल्ले एकमेकांना देतात आणि पुढे कित्येकांचा पत्रव्यवहार चालू राहतो.

आपल्याकडे अशी वाट राष्ट्रीय छात्रसेनेतून जाते. तिच्या हवाई विभागाची पहिली पथके १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कोलकाता येथे उभी राहिली. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरापर्यंत पोहोचणाऱ्या छात्रांतून युवा विनिमय कार्यक्रमासाठी निवड होते आणि ते नेपाळ, बांगलादेश, रशिया, व्हिएतनाम, सिंगापूर अशा देशांत जातात. प्रवासखर्च पालकांच्या माथी पडत नाही, पडते ती कवायतीची पहाट. हवाई विभाग प्रत्येक शाळेत नसतो आणि जागा मोजक्या असतात. म्हणून जूनमध्ये प्रवेश घेतानाच कार्यालयात चौकशी केलेली बरी.