आजाऱ्यांची वेगळी भिशी

विमा म्हणजे मोठी भिशी, असं मी स्वतःला समजावत आलो आहे. शंभर जण वर्गणी टाकतात, दोघे-तिघे आजारी पडतात, त्यांचं बिल त्यातून भागतं. पण भिशीवाल्यानं दारातच नाडी पाहायला सुरुवात केली तर? अमेरिकेत 2014 पर्यंत बहुतेक राज्यांत असंच होतं. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्याला मधुमेह किंवा कर्करोग असला, की कंपनी अर्ज परत करू शके.

अशा नाकारलेल्यांसाठी 1976 मध्ये मिनेसोटा आणि कनेक्टिकट या राज्यांनी निराळी सोय केली. तिचं नाव 'हाय रिस्क पूल'. (आपल्या कानाला पूल नदीवरचा, इथं अर्थ सामाईक हौद.) पुढं अशी 35 राज्यं झाली. हप्ता साधारण बाजारभावाच्या दीडपट ते दुप्पट. शिवाय बहुतेक ठिकाणी आधीपासूनच्या आजाराचा खर्च पहिले 6 ते 12 महिने मिळत नसे. म्हणजे ज्या दुखण्यानं माणसाला या दाराशी आणलं, तेच उंबऱ्याबाहेर ठेवायचं! फ्लोरिडानं 1991 मध्ये नवी भरतीच थांबवली. कॅलिफोर्नियात प्रतीक्षा यादी असे, आणि वर्षाला 75 हजार डॉलरांची मर्यादा.

राज्यांची नियत खोटी होती, असं मला वाटत नाही. सगळे आजारीच एका हौदावर आणले, तर तो भरणार कुठून? 2011 मध्ये या योजनांत सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होती आणि तूट 120 कोटी डॉलरांहून अधिक. विमा कंपन्यांवरची आकारणी आणि सरकारी पैसा यांतून ती भरली जाई. केंद्रानं 2010 मध्ये 500 कोटी डॉलर देऊन स्वतःची तात्पुरती योजना काढली. पैसे पुरेनात, म्हणून 2013 च्या आरंभी तिचं दार नव्या माणसांना बंद झालं.

2014 पासून आजारासाठी विमा नाकारायला कायद्यानं बंदी आहे. तरी जुन्या हौदाची भाषा 2017 मध्ये वॉशिंग्टनमध्ये पुन्हा ऐकू आली. मला मेन राज्याची 2012 ची वाट अधिक माणुसकीची वाटते. तिथं आजारी माणूस इतरांसारखाच, त्याच विम्यात राहिला. त्याच्या खर्चाचा भार कंपनीनं मागच्या दारानं सामाईक निधीवर सोपवला. रुग्णाला त्याचा पत्ताही नसे. अलास्कानं 2017 मध्ये 33 आजारांच्या बिलांसाठी असाच निधी उभारला. त्या वर्षी हप्ते 40 टक्क्यांहून अधिक चढतील, असा अंदाज होता. चढले सुमारे 7 टक्के.