तळघर

घराच्या जोत्याखाली, पूर्णतः किंवा अंशतः जमिनीच्या पातळीखाली बांधलेली खोली. धान्य व मौल्यवान वस्तूंची साठवण आणि क्वचित निवास हे तिचे मुख्य उपयोग होत. साठवणीसाठी जमिनीत खणलेल्या खड्ड्यास ‘पेव’ आणि भिंतीच्या किंवा जमिनीच्या पोटात बांधून काढलेल्या कोठारास ‘बळद’ म्हणतात. माणसास आत उभे राहून वावरता येते ते तळघर, असा यांतील व्यावहारिक भेद करता येईल. तिघांचाही शत्रू एकच : पाणी. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिली होती. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेकांत पाणी शिरले.

तळघरातील ऊब ही मूलतः जमिनीची ऊब असते. हवेच्या तापमानातील दिवसरात्रीचा चढउतार जमिनीत एक मी. खोलीच्या आतच विरतो. ऋतुमानाप्रमाणे होणारा बदल अधिक खोल जातो. परंतु खाली जावे तसा तो मंद होतो व उशिरा पोहोचतो. काही मीटरांवर जमिनीचे तापमान त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास स्थिरावते. पुणे जिल्ह्याच्या पठारी भागात ही सरासरी सु. २५° से. आहे. त्यामुळे येथील भूमिगत खोली वैशाखात गार आणि पौषातील पहाटे उबदार भासते. ती तापविण्याची गरज पडत नाही.

कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांची गोष्ट वेगळी आहे. तेथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते व पाया उचलला जातो. म्हणून तो गोठणपातळीच्या खाली, बहुधा एक मीटरहून अधिक खोल न्यावा लागतो. एवढे खोदकाम अटळच असल्याने घराखाली खोली काढण्याची प्रथा पडली. मात्र तेथील जमीनच थंड असते. खोलीतील दमट, उबदार हवा काँक्रीटच्या गार भिंतीस लागली की तीवर दव साचते आणि मागाहून बुरशी धरते. यास्तव आधी बाहेरचे पाणी अडवून त्याचा निचरा करावयाचा, मग भिंतीस लगटून उष्णतारोधक फेसाचे तक्ते बसवावयाचे आणि त्यानंतरच लाकडी सांगाडा व जिप्समचे तक्ते लावावयाचे, असा क्रम पाळतात. क्रम चुकल्यास तक्त्यांमागे चाललेली कूज वर्षानुवर्षे दिसत नाही. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तळघर म्हणजे गारवा ही घरची समजूत पहिल्याच हिवाळ्यात सोडावी लागते.

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत तळघरे थोडी आहेत, याचे कारण भूमीच्या स्वरूपात आहे. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या बाजूस काळा पाषाण पृष्ठालगत लागतो व पाऊस अतिशय पडतो. पूर्वेकडे नदीखोऱ्यांतील काळी माती पाण्याने फुगते व उन्हात भेगाळते. तिच्या दाबाने गाडलेल्या भिंती तडकतात. म्हणून येथील घर खाली जाण्याऐवजी दगडी जोत्यावर चढलेले दिसते. तथापि खडकाच्या पोटात राहण्याची विद्या या परिसरास प्राचीन काळीच अवगत होती. लेण्याद्री, मनमोडी, तुळजा व शिवनेरी येथील बौद्ध लेणी ही भिक्षूंची वर्षावासाची स्थाने होत. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात एका प्रशस्त दालनाभोवती वीस खोल्या आहेत. खोलीचे तोंड लहान ठेवले की आतील हवा सावकाश बदलते आणि सभोवारचा खडक तिचे तापमान राखतो. पाण्याची सोय मात्र निराळी, शेजारी कोरलेल्या टाक्यांत केलेली असे. अशा टाक्यास शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे; मनमोडी येथील, क्षत्रप नहपानाच्या अमात्याच्या लेखात तिच्या दानाचा उल्लेख आहे.

पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या जुन्या घरांनी उबेचा प्रश्न जमिनीवरच सोडविला. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यास शेणमातीचा गिलावा, वर उतरते छप्पर आणि एकाच छपराखाली माणसे व गुरे, अशी ही रचना होती. कारवी सामान्यतः सात वर्षांनी फुलून वाळते. तिच्या काठ्या हलक्या असतात व गिलावा चांगला धरतात. मातीचा लेप खोलीतील काही ओल शोषून घेतो व कोरड्या दिवसांत परत सोडतो. चुलीची धग भिंतींत मुरे आणि धुराने छपराच्या लाकडास कीड कमी लागे. या धुराने स्त्रियांच्या डोळ्यांची व फुप्फुसांची हानी होई, हे जुन्या घरांचे कौतुक करताना सहसा सांगितले जात नाही. पुढे पत्रा आला. तो रात्री झपाट्याने निवतो आणि घरातील बाष्प त्याच्या आतील अंगास साचून पहाटे अंथरुणावर ठिबकते. कॅनडातील तळघराच्या भिंतीवर घडते तेच येथे डोक्यावर घडते. पत्र्याखाली हवेची पोकळी राखून लाकडी फळ्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे आढे केल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

उतारावर घर बांधताना डोंगराची बाजू कापून सपाटी करावी लागते व मागील भिंत तळघराच्या भिंतीप्रमाणे ओल्या मातीस टेकते. तीमागे मोकळा चर ठेवून पाणी बाजूस काढणे अवश्य असते. याहून मोठा धोका उताराच्या स्थैर्याचा आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत डोंगरकडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. वाचलेल्यांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले.

नव्या इमारतीखाली तळघर काढावयाचे असल्यास भूजलाची पातळी उन्हाळ्यात न पाहता पावसाळ्याच्या अखेरीस पाहावी. जलरोधक लेप भिंतीच्या बाहेरील अंगास, माती लोटण्यापूर्वी द्यावा. आतून दिलेला लेप पाण्याच्या दाबाने सुटतो. समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, परंतु भर पावसात ते सताड उघडे टाकू नयेत. बाहेरची दमट हवा आत येऊन गार भिंतींवर ओल धरते. बंद तळघरात कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो आणि झोपेतच मृत्यू ओढवतो. पेव उघडल्यावर ते काही काळ तसेच ठेवून मगच आत उतरण्याचा शेतकऱ्यांचा रिवाज अशाच कारणाने पडला आहे. बंद धान्याच्या श्वसनाने तेथील ऑक्सिजन संपून कार्बन डाय-ऑक्साइड साचलेला असतो.