गुप्तरोगांची गृहचाचणी

गुप्तरोगांची गृहचाचणी : लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाचे संक्रामण झाले आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी व्यक्तीने रुग्णालयात न जाता स्वतः घरी केलेली चाचणी, अथवा अशा चाचणीसाठी घरीच नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे पाठविण्याची पद्धत. पहिल्या प्रकारात नमुना घेणे, चाचणी करणे व निष्कर्ष वाचणे या तिन्ही गोष्टी ती व्यक्तीच करते. दुसऱ्या प्रकारात फक्त नमुना घरी घेतला जातो व बाकीचे काम तज्ञ करतात. दोन्ही प्रकारांची अचूकता व मर्यादा भिन्न असल्यामुळे हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक असते.

आवश्यकता : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वर्षे वयाच्या व्यक्तींमध्ये क्लॅमिडिया, परमा, उपदंश व ट्रिकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांची सु. ३७ कोटी ४० लाख नवी संक्रामणे झाली. यांपैकी बहुतेकांना लक्षणे जाणवत नाहीत किंवा अगदी सौम्य जाणवतात. क्लॅमिडियाचे संक्रामण झालेल्या स्त्रीला अनेकदा कसलाच त्रास होत नाही; पण उपचार न झाल्यास सूक्ष्मजंतू गर्भाशयातून अंडवाहिन्यांपर्यंत पोहोचतात, तेथे शोथ (दाहयुक्त सूज) उत्पन्न होतो आणि पुढे वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा संभवते. उपदंशाचा पहिला व्रण वेदनारहित असतो व उपचारांवाचून आपोआप भरून येतो. त्यामुळे रोग गेला असा समज होतो. प्रत्यक्षात तो शरीरात कायम असतो व गर्भवती स्त्रीपासून गर्भालाही होऊ शकतो. वास्तविक सुरुवातीच्या अवस्थेतील उपदंश बेंझाथीन पेनिसिलिनाच्या एका अंतःक्षेपणाने (इंजेक्शनाने) बरा होतो. म्हणजे औषध उपलब्ध आहे. अडथळा आहे तो रोग वेळीच न कळण्याचा आणि कळून घेण्याच्या संकोचाचा. ‘गुप्तरोग’ या नावातच तो संकोच व्यक्त झाला आहे. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने जी व्यक्ती रुग्णालयाची पायरी चढत नाही, तिच्यासाठी गृहचाचणी उपयुक्त ठरते.

इतिहास : आउगुस्ट फोन व्हासरमान व त्यांचे सहकारी यांनी १९०६ साली उपदंशाची रक्तपरीक्षा प्रसिद्ध केली. ती किचकट असून कुशल तंत्रज्ञांवाचून होत नसे. एचआयव्ही प्रतिपिंडांची पहिली रक्तचाचणी अमेरिकेत १९८५ साली मान्य झाली. त्या काळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते आणि निष्कर्ष एकट्याने कळल्यास व्यक्ती आत्मघात करील, अशी भीती व्यक्त होत असे. त्यामुळे गृहचाचणीला दीर्घकाळ विरोध झाला. १९९६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नमुना टपालाने पाठविण्याच्या पद्धतीस संमती दिली. तीत बोटातील रक्ताचा थेंब कागदावर वाळवून, नावाऐवजी केवळ एक क्रमांक घालून पाठविला जाई. तोच क्रमांक सांगून दूरध्वनीवर निष्कर्ष विचारता येई. परिणामकारक औषधे उपलब्ध झाल्यावर विरोधाची धार बोथट झाली. जुलै २०१२ मध्ये मुखद्रवावरील संपूर्ण गृहचाचणी अमेरिकेत मान्य झाली. ब्रिटनमध्ये अशा संचांच्या विक्रीवरील बंदी एप्रिल २०१४ मध्ये उठली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली एचआयव्हीच्या स्वयंचाचणीची शिफारस केली. इतर रोगांच्या बाबतीत प्रगती मंद होती. अमेरिकेत क्लॅमिडिया व परमा यांसाठी घरी नमुना घेण्याचा पहिला संच २०२३ साली, उपदंशाची पहिली गृहचाचणी २०२४ साली, तर क्लॅमिडिया, परमा व ट्रिकोमोनास यांचा निष्कर्ष घरीच देणारी स्त्रियांसाठीची पहिली चाचणी २०२५ साली मान्य झाली.

पद्धती : गृहचाचण्या मुख्यतः दोन तत्त्वांवर आधारलेल्या असतात. पहिल्या तत्त्वानुसार प्रतिपिंडांचा (सूक्ष्मजंतू वा इतर परकीय प्रथिने शरीरात शिरल्यास त्यांच्या प्रतिकारार्थ तयार होणाऱ्या विशिष्ट प्रथिनांचा) शोध घेतात. बोटातील रक्ताचा थेंब किंवा हिरड्यांवरून काडी फिरवून मिळालेला द्रव पट्टीवर शोषला जातो. पट्टीवरील एका रेषेत रोगजंतूचे प्रतिजन (प्रतिपिंडनिर्मितीस कारणीभूत होणारे पदार्थ) बसविलेले असतात. नमुन्यात प्रतिपिंड असल्यास ते तेथे अडकून रंगीत रेषा उमटते. दुसरी, नियंत्रक रेषा प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे; ती न उमटल्यास चाचणी फसली असे समजून नव्या संचाने पुन्हा करावी लागते. मुखद्रवात प्रतिपिंड सापडतात यावरून लाळेतून एचआयव्ही पसरतो, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

दुसऱ्या तत्त्वानुसार रोगजंतूच्या न्यूक्लिइक अम्लाच्या असंख्य प्रती तयार करून ते ओळखतात. क्लॅमिडिया व परमा यांसाठी ही पद्धत सर्वांत विश्वसनीय आहे. स्त्रियांनी योनिमार्गातून बोळ्याने स्वतः घेतलेला नमुना वैद्याने घेतलेल्या नमुन्याइतकाच चांगला असतो, असे आढळून आले आहे. पुरुषांच्या बाबतीत मूत्राची सुरुवातीची धार घेतात. तत्पूर्वी किमान एक तास लघवी केलेली नसावी. संक्रामण घशात किंवा गुदाशयात असल्यास ते मूत्रपरीक्षेत दिसत नाही. त्या ठिकाणचा नमुना स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

निष्कर्षाचा अर्थ : संक्रामण झाल्यापासून ते चाचणीत दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. त्यास ‘विंडो पिरियड’ म्हणतात. एचआयव्हीच्या गृहचाचण्यांत हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. क्लॅमिडिया व परमा यांसाठी तो सु. दोन आठवडे असतो. या काळात निष्कर्ष नकारार्थी आला, तरी व्यक्ती निरोगी आहे असे सिद्ध होत नाही. उलट एचआयव्हीच्या बाबतीत याच सुमारास रक्तातील व्हायरसांचे प्रमाण फार मोठे असते. म्हणून मुदत उलटल्यावर चाचणी पुन्हा करणे आवश्यक असते.

दुसरा मुद्दा गणिताचा आहे. अमेरिकेत २०१२ साली मान्य झालेली चाचणी सामान्य माणसांच्या हाती बाधित १२ व्यक्तींपैकी एकीला चुकीने निर्दोष ठरविते व बाधा नसलेल्या ५,००० व्यक्तींपैकी एकीला चुकीने बाधित ठरविते, असे आढळले. समजा, १०,००० लोकांच्या समूहात २० जण बाधित आहेत. त्यांपैकी सु. १८ जण सापडतील व दोघे निसटतील. शिवाय दोन निरोगी व्यक्ती बाधित ठरतील. म्हणजे होकारार्थी ठरलेल्या सु. २० जणांपैकी दोघांना रोग नसेल. चाचणी तीच असली, तरी रोगाचे प्रमाण जितके कमी तितका खोट्या होकारांचा वाटा वाढतो. यास्तव होकारार्थी निष्कर्ष म्हणजे निदान नव्हे. दुसऱ्या परीक्षांनी त्याची खातरजमा करावीच लागते. उपदंशाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याचे विशिष्ट प्रतिपिंड रोग बरा झाल्यानंतरही बहुधा आयुष्यभर टिकतात. पूर्वी उपचार घेतलेल्या व्यक्तीची चाचणी त्यामुळे पुन्हा होकारार्थी येऊ शकते. तसेच एचआयव्हीवरील औषधे चालू असलेल्याने ही चाचणी करून पाहू नये. ती खोटी नकारार्थी येऊन औषध बंद करण्याचा मोह होऊ शकतो.

चाचणीनंतरचे उपाय : लंडनच्या लँबेथ व सदर्क या भागांतील १६ ते ३० वर्षे वयाच्या सु. दोन हजार व्यक्तींवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. टपालाने संच मागविण्याची सोय दिलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी सहा आठवड्यांत चाचणी केली; केवळ दवाखान्यांची माहिती दिलेल्यांमध्ये हे प्रमाण २६·६ टक्के होते. परंतु उपचार घेतलेल्यांच्या संख्येत संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित असा फरक आढळला नाही. चाचण्यांची संख्या वाढली म्हणजे रोगमुक्तांची संख्या वाढलीच, असे यावरून म्हणता येत नाही. निष्कर्ष होकारार्थी आल्यास वैद्याकडे जाणे, जोडीदाराला कळविणे व त्याचीही परीक्षा व उपचार होणे आवश्यक असते. एरवी बरी झालेली व्यक्ती त्याच जोडीदाराकडून पुन्हा बाधित होते. औषधविक्रेत्याकडून प्रतिजैविके आणून स्वतःच घेणे धोक्याचे आहे. परम्याच्या जंतूंनी आजवर अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता मिळविली आहे व कोणते औषध लागू पडेल हे गृहचाचणी सांगत नाही. वेदना, ताप, व्रण किंवा स्राव असल्यास किंवा व्यक्ती गर्भवती असल्यास गृहचाचणीवर विसंबून न राहता प्रत्यक्ष तपासणीच करून घ्यावी.

कायदेशीर व सामाजिक बाजू : जी चाचणी एकांतात करता येते, ती एकांतात लादताही येते. पती, सासरची मंडळी किंवा मालक यांच्या दबावाखाली केलेली चाचणी ही तिच्या मूळ हेतूलाच बाधक ठरते. भारतात १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियमाने (२०१७) चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती बंधनकारक केली असून निष्कर्षाच्या गोपनीयतेस संरक्षण दिले आहे. नोकरीसाठी अशा चाचणीची अट घालण्यासही त्यात मनाई आहे. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची परीक्षा विनामूल्य होते. तेथे वेगवेगळ्या तीन चाचण्या होकारार्थी आल्याखेरीज लक्षणे नसलेल्या व्यक्तीस बाधित ठरवीत नाहीत. १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता सल्ला घेता येतो. गृहचाचणी ही या व्यवस्थेची जागा घेणारी नसून तिच्यापर्यंत पोहोचण्याची एक वाट आहे.