स्टॉलचा आकडा नेमका कोणाचा?

अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकातल्या व्ही-८ गाड्या घरच्या गॅरेजात नव्याने उभ्या करणाऱ्या हौशींची मोठी जमात आहे. समजा, अशाच एकाकडे १९७० ची शेव्हरोले शेव्हेल आहे. ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन, त्यामागे टर्बो ३५० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि वजन दीड टनाच्या पुढे. त्याने कार्बोरेटर बदलला, हेडर बसवले, कॅमशाफ्ट जरा चढा घातला. गाडी रोज कामावर न्यायची आहे, सुट्टीच्या दिवशी थोडी दामटायची आहे. आता अडलंय ते एवढ्यावरच, की टॉर्क कन्व्हर्टर किती स्टॉलचा घ्यायचा. सल्ले भरपूर मिळतात, पण त्यातले निम्मे गैरसमजावर उभे असतात.

आधी यंत्र समजून घेऊ. कन्व्हर्टर म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचा, तेलाने भरलेला पोलादी डबा. इंजिनला जोडलेला इंपेलर तेल भिरकावतो, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा टर्बाइन फिरतो आणि गिअरबॉक्सला फिरवतो. मध्ये बसलेला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवतो, त्यामुळे गाडी उभी असताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. टर्बाइन जागचा हलू दिला नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडकतं, तो स्टॉल स्पीड. (आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांत एएमटी असते. तिथे नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.)

गैरसमज : २,५०० स्टॉल म्हणजे काटा २,५०० वर जाईपर्यंत गाडी हलत नाही.

वस्तुस्थिती : सिग्नल सुटल्यावर ब्रेकवरून पाय काढला की गाडी सरकू लागते, हलका पाय दिला की हजार-बाराशेवरच चालायला लागते. स्टॉलचा आकडा पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरचा असतो. कन्व्हर्टरमध्ये 'इथून पकड सुरू' असा खटका कुठेच नाही. पकड पहिल्या फेऱ्यापासून असते आणि आरपीएमबरोबर वाढत जाते.

गैरसमज : खोक्यावर छापलेला आकडा हा कन्व्हर्टरचा गुण.

वस्तुस्थिती : टाळी एका हाताने वाजत नाही. स्टॉल हा कन्व्हर्टर आणि इंजिन या जोडीचा आकडा आहे. ढोबळ नियम असा, की एकाच कन्व्हर्टरचा स्टॉल इंजिनच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एखाद्या कन्व्हर्टरने ३०० पाउंड-फूट टॉर्क देणाऱ्या इंजिनामागे २,२५० चा स्टॉल दाखवला, तर तोच कन्व्हर्टर ४५० पाउंड-फुटांच्या इंजिनामागे सुमारे २,७५० दाखवेल. उलट पाय हलका ठेवून टॉर्क एक चतुर्थांश केला, तर स्टॉल निम्म्यावर, म्हणजे ११२५ वर येतो. वर गाडी लगेच का हलली, याचं उत्तर इथेच आहे. म्हणून मित्राच्या बिग-ब्लॉक, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या, गाडीतला कन्व्हर्टर आपल्या गाडीत घातला की तोच आकडा मिळेल, ही आशा सोडावी.

गैरसमज : स्टॉल जितका जास्त, तितका पिकअप जास्त.

वस्तुस्थिती : फायदा होतो तो इंजिनला त्याच्या ताकदीच्या पट्ट्यात लवकर नेऊन ठेवण्याचा. कॅमबरोबर येणाऱ्या कार्डावर तो पट्टा छापलेला असतो. आपल्या सौम्य कॅमचा पट्टा १,८०० ते ५,८०० असेल, तर स्टॉल त्याच्या सुरुवातीच्या थोडा वर, म्हणजे २,२०० ते २,५०० च्या आसपास शोभतो. हौसेने ३,५०० चा घातला, तर जरा पाय दिला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी सावकाश मागून येते. रोजच्या वाहतुकीत हा ढिलेपणा दर सिग्नलला जाणवतो.

शिवाय उष्णता. टर्बाइन अडलेला असताना बाहेर पडणारी शक्ती शून्य असते, म्हणजे इंजिनची सगळी मेहनत तेल घुसळण्यात जाते. या घुसळणीतून लोणी निघत नाही, नुसती उष्णता निघते. ३०० पाउंड-फूट आणि २,२५० आरपीएमचा गुणाकार केला तर ती सुमारे ९५ किलोवॉट भरते. दोन किलोवॉटचे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांवर नेऊ नये, असं म्हणतात ते याचसाठी. स्टॉल वाढवला की रेडिएटरपुढे गिअरबॉक्सच्या तेलाचा वेगळा कूलर लावावा. तो खर्च चैनीचा नाही.

गैरसमज : फक्त कॅम बदललाय, मूळचा कन्व्हर्टर चालून जाईल.

वस्तुस्थिती : कधी चालतो, कधी छळतो. चढा कॅम मंद गतीला नीट श्वास घेत नाही, त्यामुळे आयडलिंग वाढवून ठेवावं लागतं. मूळचा, सोळाशे-सतराशेच्या आसपास स्टॉल असलेला कन्व्हर्टर अशा इंजिनला घट्ट पडतो. 'डी'मध्ये टाकताच काटा घसरतो, इंजिन धडधडतं, कधी बंदच पडतं, आणि सिग्नलला ब्रेक गच्च दाबून धरला तरी गाडी पुढे ढकलत राहते. थोडा ढिला कन्व्हर्टर ही कुरकुर मिटवतो. सौम्य कॅमवाल्याला स्टॉल वाढवायचं खरं कारण अनेकदा हेच असतं. शर्यत नंतर येते.

गैरसमज : ब्रेक दाबून रेस द्यायची, काटा थांबेल तो खरा स्टॉल.

वस्तुस्थिती : ताकदवान गाडीत त्याआधीच ब्रेक हार मानतात किंवा मागची चाकं जागेवर फिरू लागतात. काटा १,९०० वर थांबला तर तो बऱ्याचदा ब्रेकच्या मर्यादेचा आकडा असतो. म्हणून मोकळ्या, सुरक्षित जागी उभ्या गाडीत एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन काटा झटक्यात कुठवर उडतो, हे पाहतात. त्याला फ्लॅश स्टॉल म्हणतात. दोन गाड्यांची तुलना करताना कोणता आकडा सांगितला जातोय, ते आधी विचारावं.

गैरसमज : हायवेला आरपीएम स्टॉलच्या खाली राहिला की कन्व्हर्टर सतत घसरून जळतो.

वस्तुस्थिती : २६ इंची टायर आणि ३.०८ चा मागचा ॲक्सल असेल, तर ताशी ६० मैलांना, म्हणजे ९७ किलोमीटरला, इंजिन सुमारे २,४०० वर फिरतं. सपाट रस्त्यावर तेव्हा टॉर्क जेमतेम लागतो, म्हणून त्या घडीचा स्टॉलही बराच खाली असतो आणि २,५०० चा कन्व्हर्टरही थोडक्याच घसरणीवर गाडी नेतो. खरी अडचण चार गिअरच्या गिअरबॉक्सात येते. १९८२ पासून आलेल्या ७००-आर-४ मध्ये चौथा गिअर ०.७० चा आहे. त्याच ॲक्सलवर इंजिन १,६७० च्या आसपास उतरतं, आणि चढ लागून पाय दाबला की घसरण, पाठोपाठ उष्णता. तिथे लॉक-अप हवाच. त्यात आतला क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. क्रायस्लरने तो आपल्या गाड्यांत १९७८ च्या मॉडेलपासून दिला. आपल्या शेव्हेलच्या टर्बो ३५० मध्ये तो नाही.

म्हणून जाणता कन्व्हर्टरवाला 'किती स्टॉलचा देऊ?' असं विचारतच नाही. तो विचारतो गाडीचं वजन, ॲक्सलचा रेशो, टायरची उंची, कॅमचं कार्ड, गिअरबॉक्स, आणि गाडी रोज कुठे जाते ते. या सहा उत्तरांतून आकडा आपोआप निघतो, आणि आपल्या शेव्हेलसाठी तो बहुधा हौशी मालकाच्या मनातल्या आकड्यापेक्षा हजाराने कमीच असतो.