शी-शूची सवय कधी लावावी?

मूल दीड वर्षाचे झाले की घराघरात एक प्रश्न निघतो: याला शी-शूची सवय कधी लागणार? आजी सांगते की तिची मुले वर्षाच्या आतच चटईवर शू करायची थांबली होती. शेजारीण म्हणते, डायपर आहेत ना, मग घाई कशाला? काही प्लेग्रुप मात्र प्रवेश देताना मूल शू सांगते का, हे आधी विचारतात. तिन्ही बाजूंनी आई-बाबांवर एकच दडपण येते. प्रत्येक मुलाला लागू पडेल असे एक ठरावीक वय आहे आणि ते आपण गाठायला हवे, असे त्यांना वाटू लागते. या विषयातले बहुतेक गैरसमज याच समजुतीतून येतात. मराठीत या गोष्टीसाठी दोन शब्दप्रयोग आहेत, ‘सवय लावणे’ आणि ‘शू सांगणे’. सवय मोठी माणसे लावतात, सांगते मात्र मूल. सांगण्यासाठी त्याला आतली जाणीव आधी व्हावी लागते, शी-शू रोखून धरता यावी लागते आणि मग शब्दाने किंवा खुणेने कळवता यावी लागते. या तीन गोष्टी जुळल्या की मूल तयार झाले असे समजावे.

आजीचे म्हणणे खोटे नाही, पण तिने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. दूध पोटात गेले की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून पाजल्यानंतर बाळाला पायांवर बसवून ‘शूऽऽ’ आवाज केला की बरेचदा काम होते. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांवरचा एक अभ्यास 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जन्मानंतर काही आठवड्यांतच ही शिकवण सुरू होते आणि पाच-सहा महिन्यांत बाळ बऱ्यापैकी कोरडे राहू लागते. याउलट अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या. त्यांत मुलाच्या कलाने घेतल्यावर दिवसा कोरडे राहण्याचे सरासरी वय 28.5 महिने आले. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात आईची नजर बाळाच्या हालचालींवर सतत असते आणि वेळ तीच साधते. दुसऱ्यात मूल स्वतः ओळखते, थांबवते आणि जाते. घरात वेळ देणारे माणूस असेल तर आजीची पद्धत खुशाल वापरावी. मात्र त्यावरून बाळ आता सगळे शिकले असे समजू नये, आणि नंतर चड्डी ओली झाली म्हणून त्याला दोषही देऊ नये.

‘लवकर सुरू केले की लवकर संपते’ हा पुढचा गैरसमज आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक इथे दोन पिढ्यांतल्या मुलांची तुलना झाली. आधीच्या पिढीत शिकवणे बहुधा पहिल्या वर्षातच आणि कसून होत असे, तर पुढच्या पिढीत ते बरेच उशिरा आणि सैलपणे झाले. तरीही लवकर शिकवल्यामुळे लघवीवर ताबा येण्याचे वय अलीकडे सरकले नाही. अमेरिकेत 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे चारशे मुलांच्या अभ्यासातही 27 महिन्यांच्या आधी कसून शिकवण्याचा फारसा फायदा दिसला नाही. शिकवण्याचा काळ तेवढा लांबला. लवकर सुरुवातीमुळे बद्धकोष्ठ झाल्याचे मात्र त्यात आढळले नाही, म्हणून लवकर सुरू करणाऱ्या पालकांना कुणी घाबरवण्याचे कारण नाही.

मग तयारी ओळखायची कशी? शरीर बऱ्याच खुणा देते. मूल दिवसा सलग दोन तास कोरडे राहते किंवा दुपारच्या झोपेतून कोरडे उठते. शीच्या वेळा साधारण ठरू लागतात. ते स्थिर चालते, बसते, उठते आणि चड्डी खाली ओढायची धडपड करते. समजही दिसू लागते. ‘बॉल टोपलीत टाक’ अशी साधी सूचना ते पाळते आणि शी-शूसाठी त्याच्याकडे काही शब्द असतो. शी करायच्या आधी पडद्यामागे जाऊन उभे राहणारे मूल आतली जाणीव झाल्याचेच दाखवत असते. तिसरी गोष्ट इच्छेची: ओले कपडे नकोसे वाटणे आणि मोठ्यांसारखे करू पाहणे. यातल्या बऱ्याच खुणा दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात, पण एकदम येत नाहीत. मुली सरासरीने मुलांपेक्षा काही महिने पुढे असतात. त्यामुळे बहीण शू सांगू लागली त्या वयात भाऊ सांगत नसेल, तर तो मागे पडला असे होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे: सगळे मुलावरच सोडले तर ते चार वर्षांचे होईपर्यंत डायपरमध्येच राहील. खुणा पाहणे म्हणजे हात बांधून वाट पाहणे नव्हे. शिकवण 32 महिन्यांनंतर सुरू झालेल्या मुलांमध्ये पुढे घाईची लघवी आणि कपडे ओले होण्याची तक्रार अधिक दिसल्याचे 2009 च्या एका अभ्यासात आढळले. उशीर हेच त्याचे कारण असे त्यातून सिद्ध होत नाही, तरी निष्काळजी राहायला नको इतके नक्की कळते. एकदा वापरून टाकायचे डायपर ओल इतकी शोषून घेतात की मुलाला ती जाणवतच नाही. म्हणून खुणा दिसू लागल्या की दिवसा घरात सुती चड्डी घालावी, जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर पॉटीवर बसवावे, आणि दोन-तीन मिनिटांत काही झाले नाही तर न रागावता उठवावे.

शू सांगणारे मूल शीसाठी मात्र डायपरच मागते, तेव्हा त्याला हट्टी म्हटले जाते. 1997 च्या एका अभ्यासात 482 मुलांपैकी सुमारे 22 टक्के मुलांनी किमान महिनाभर असे केले होते. बरेचदा त्यामागे दुखणे असते. एकदा कडक शी झाली की मूल ती रोखते, रोखल्याने ती आणखी कडक होते आणि भीती वाढते. अशा वेळी आधी बद्धकोष्ठ बरे करावे, सवयीचे नंतर पाहावे. बसताना पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरची छोटी पॉटी किंवा पायांखाली पाट द्यावा. रात्रीचे कोरडेपण तर शिकवण्यातून येतच नाही. रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक आणि झोपेतून जाग येणे, दोन्ही शरीराच्या वाढीवर अवलंबून असतात. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार मानला जात नाही.

लघवी करताना दुखणे, ती सतत थेंब थेंब गळणे, शीत रक्त दिसणे किंवा अनेक महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागणे, यांपैकी काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी दोन आठवडे प्रयत्न करून जमले नाही, तर महिनाभर थांबून पुन्हा सुरुवात करावी. तेवढ्याने मुलाचे काहीच बिघडत नाही. ओल्या चड्डीबद्दल त्याला मारू नका, चारचौघांत लाजवू नका. ज्या मुलाला ओरडा बसण्याची धास्ती असते ते शू सांगत नाही, लपवते.