सायकलचा दिवा : कोणता घ्यावा, कुठं लावावा



आजचा विषय छोटा वाटेल, पण पहाटे किंवा संध्याकाळी सायकल काढणाऱ्या प्रत्येकीच्या जिवाशी तो जोडलेला आहे. आज सायकलच्या दिव्याबद्दल बोलू या.

बोईसर-तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. कुंभवली, सालवड, पास्थळ, नवापूर, आलेवाडी, मुरबे, कुठून कुठून येतात. सातची पाळी म्हणजे सहालाच घर सोडायचं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, म्हणजे जाणं पूर्ण अंधारात. संध्याकाळीही तसंच. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कंपनीतून सुटून बाजारहाट करून निघेपर्यंत काळोख पडतो. पालघर किंवा बोईसर स्टेशनला सायकल लावून लोकल पकडणाऱ्या मैत्रिणींची हीच कथा आहे.

मागच्या थंडीत आमच्या गटातल्या एका ताईला अशाच पहाटे मागून आलेल्या टेम्पोनं घासलं. कॅरिअरला लावलेली पिशवी ओढली गेली, ताई कडेच्या मातीत पडली, डबा सांडला. ढोपर फुटलं, पण जीव वाचला. टेम्पोवाला पळून गेला नाही, उतरून खाली आला. म्हणाला, "काकू, आईशपथ, तुम्ही मला दिसलाच नाहीत." आम्हाला आधी राग आला. पण ताईच म्हणाली, "अगं, तो खोटं बोलत नव्हता. माझी साडी गडद निळी, सायकल काळी आणि मागं काहीच नाही."

घरात मात्र दुसरंच सुरू झालं. नवरा म्हणाला, काम सोड. सासू म्हणाली, रिक्षानं जा. शेअर रिक्षाला जाताना वीस, येताना वीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजार चाळीस रुपये. पगारातले हजार रुपये रस्त्यातच गेले तर उरलं काय? म्हणून त्या आठवड्याच्या बैठकीत आम्ही वहीतली वसुली बाजूला ठेवली आणि दिव्याचा विषय घेतला.

आम्ही केलेली चाचणी

रात्री आठ वाजता गावाबाहेरच्या रस्त्यावर, जिथं खांबाचा उजेड नाही, तिथं आम्ही गेलो. एकीनं ताईची सायकल धरून उभं राहायचं. एका मैत्रिणीच्या मुलाची मोटारसायकल स्टँडवर उभी करून तिचा दिवा खालच्या झोतावर ठेवला. बाकीच्या जणी मोटारसायकलजवळ थांबल्या आणि सायकलवालीला पावलं मोजत लांब जायला सांगितलं.

चाळीस-पंचेचाळीस पावलांनंतर ती आणि सायकल अंधारात विरघळून गेली. मग मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावला. तो दीडशे पावलांवरही चमकत होता. शेवटी छोटा लाल दिवा लावला. तीनशे पावलांवर गेली तरी ती कुठं आहे हे लगेच कळत होतं.

आता याचा हिशेब बघा. पंचेचाळीस पावलं म्हणजे साधारण ३० मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढं येते. म्हणजे आपण दिसल्यापासून गाडी आपल्याजवळ पोचेपर्यंत चालकाला जेमतेम दोन सेकंद मिळतात. त्यातला सेकंद-दीड सेकंद तर बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो. गाडी थांबायची कशी? चिल्हार रस्त्यावरचे भरलेले टँकर आणि ट्रक तर आणखी लांब जाऊन थांबतात. लाल दिव्यानं चालकाला दोनऐवजी दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात तो सावकाश बाजूला होऊ शकतो.

आधी मागचा दिवा, मग पुढचा

दिव्याची कामं दोन. एक, आपल्याला रस्ता दिसणं. दुसरं, आपण दुसऱ्याला दिसणं. दुकानात गेलं की आपलं लक्ष पुढच्या मोठ्या दिव्याकडे जातं. पण मागून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही, म्हणून पैसे थोडे असतील तर पहिला मागचा लाल दिवा घ्या.

पैशाप्रमाणे क्रम असा लावा. हे भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडे कमी-जास्त होतील.

फक्त पन्नास रुपये असतील तर चमकणारी रिफ्लेक्टर पट्टी घ्या. ट्रकच्या मागं लावतात तीच. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मापानं मिळते. मागच्या मडगार्डला लाल, पुढच्या दांड्याला पांढरी आणि दोन्ही पायडलच्या पुढं-मागं पिवळी लावा. पायडलची पट्टी विसरू नका. वर-खाली हलणारी चमक दिसली की चालकाला ही सायकल आहे हे चटकन ओळखू येतं. पैंजणासारखी घोट्याला बांधायची चमकपट्टीही हेच काम करते. नवीन सायकल घेत असाल तर रिफ्लेक्टर बघून घ्या. सायकलच्या रिफ्लेक्टरना भारतीय मानक लागू करणारा आदेश केंद्र सरकारनं २०२० मध्येच काढला आहे. एक लक्षात ठेवा, रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, दुसऱ्याचा उजेड परत फेकतो. समोरच्या गाडीचा दिवा त्याच्यावर पडला नाही तर तो काळाच.

आणखी शंभर-दीडशे रुपये असतील तर सेलवर चालणारा लाल दिवा येतो. बहुतेकांत बारीक पेन्सिल सेल बसतात. लुकलुकता ठेवून रोज तासभर वापरला तर सेल महिना-दीड महिना जातात.

साडेतीनशे-चारशे रुपये आणखी जमले तर पुढचा चार्जिंगचा पांढरा दिवा घ्या. मोबाईलच्या साध्या चार्जरवर तो चार्ज होतो.

पुढं पांढरा आणि मागं लाल, हा नियम मोडू नका. रंगावरूनच चालक ठरवतो की समोरचं वाहन येतंय की जातंय. पुढं लाल दिवा लावला तर तो फसतो.

डायनामो की चार्जिंग?

आपल्या वडिलांच्या सायकलला टायरला घासणारा बाटलीसारखा डायनामो असायचा. त्याआधी रॉकेलचा दिवा. दिवा नसला तर पोलीस सायकल अडवायचे, हे जुनी माणसं अजून सांगतात. डायनामोला सेल लागत नाही की चार्जिंग लागत नाही, हा मोठा फायदा. पण पायडल जड होतं, पावसात चाक ओलं झालं की तो घसरतो आणि सायकल थांबली की साधा डायनामोचा दिवा विझतो. फाटकाशी किंवा वळणावर थांबलो, तर नेमकं तिथंच आपण अंधारात.

आता एलईडीमुळे थोड्या विजेत पुष्कळ उजेड मिळतो. पांढरा एलईडी ज्या निळ्या एलईडीमुळे शक्य झाला, त्याच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या शोधाचा लाभ आज दीडशे-दोनशे रुपयांत आपल्या सायकलपर्यंत आला आहे.

चार्जिंगचा दिवा घेताना खोक्यावरचे मोठे आकडे बघून भुलू नका. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. सायकलच्या वेगाला, खांब नसलेल्या रस्त्यावरही, दोनशे-तीनशे ल्युमेन पुरतात. तीनशे रुपयांच्या दिव्यावर पाच हजार ल्युमेन लिहिलेलं असेल तर ते खरं नाही असं समजा. त्यापेक्षा दुकानदाराला विचारा, पूर्ण उजेडावर किती तास चालतो? जाऊन-येऊन तास-दीड तास लागत असेल तर तीन तास चालणारा दिवा हवा. म्हणजे एक रात्र वीज गेली तरी दुसऱ्या दिवशी अडत नाही. आणि पावसाळ्यात वीज जातेच, म्हणून आमचा सल्ला असा : पुढचा दिवा चार्जिंगचा, मागचा सेलवरचा. दोन्ही एकदम बंद पडणार नाहीत.

नाण्यासारख्या चपट्या बटण सेलचे दिवे स्वस्त मिळतात. घरात लहान मूल असेल तर ते टाळा. असा सेल मुलानं गिळला तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. तसं झालं तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

पाऊस आणि खारी हवा

खोक्यावर आयपीएक्स असं लिहून पुढं आकडा असतो. ४ असेल तर सगळीकडून उडणारं पाणी दिवा सोसतो. ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आपल्या पावसाला ४ पेक्षा कमी घेऊ नका. काहीच लिहिलेलं नसेल तर जून ते सप्टेंबर दिव्यावर पारदर्शक पिशवी बांधा. किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेनं सेलच्या पत्र्या गंजतात. महिन्यातून एकदा सेल काढून कोरड्या फडक्यानं पत्र्या पुसा. दिवा बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढूनच ठेवा.

लावायचा कुठं?

ही आमच्या चाचणीतली सगळ्यात उपयोगाची गोष्ट. दुकानदार मागचा दिवा सीटच्या दांड्याला लावून देतो. पण आपण बायका सायकलवर बसलो की मागं पदर येतो, ओढणी येते, कॅरिअरवर पिशवी, डबा नाहीतर भाजीची टोपली येते. दिवा चालू असतो, पण झाकलेला! आम्ही तपासलं तर पाच सायकलींपैकी तिघींचा दिवा मागून दिसतच नव्हता.

म्हणून दिवा कॅरिअरच्या अगदी मागच्या टोकाला किंवा मडगार्डला लावा. सामान लादल्यावर, पदर खोचल्यावर, दुसरीला मागं उभं करून विचारा, "दिसतो का गं?"

पुढचा दिवा हँडलला, तोंड थोडं खाली. उजेडाचं वर्तुळ सात-आठ पावलांवर रस्त्यावर पडलं पाहिजे. वर तोंड केलं तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला खड्डा दिसत नाही. पुढचा दिवा स्थिर ठेवा. मागचा लुकलुकता चालतो, पण अगदी काळोख्या रस्त्यावर तोही स्थिर ठेवलेला बरा, कारण स्थिर दिव्यावरून अंतराचा अंदाज नीट येतो.

पुढचा दिवा घ्यायला पैसेच नसतील तर घरातली छोटी बॅटरी जुन्या ट्यूबच्या रबरानं हँडलला घट्ट बांधा. मोबाईलची बॅटरी हातात धरून मात्र सायकल चालवू नका. एक हात गुंतला की ब्रेकही गेला आणि तोलही.

स्टेशनच्या स्टँडला सायकल दिवसभर राहणार असेल तर काढता येणारा दिवा घ्या आणि आठवणीनं पर्समध्ये टाका. सायकल घरच्याच अंगणात राहत असेल तर नटबोल्टनं पक्का बसवलेला बरा.

गटानं काय केलं?

पट्टी, मागचा आणि पुढचा दिवा मिळून एकीचे साडेपाचशे झाले. आम्ही बारा जणींनी एकत्र खरेदी केली. गटाच्या पैशातून ६,६०० रुपये काढले आणि प्रत्येकीनं महिन्याला ११० रुपये असे पाच हप्ते भरले. एकदम बारा घेतले म्हणून दुकानदारानं बसवण्याचे पैसे घेतले नाहीत आणि दोन दिवे चालेनात ते बदलून दिले. पावती घेतली होती म्हणून ते जमलं. शाळेला सायकलवर जाणाऱ्या मुलींनाही आता आम्ही चमकपट्ट्या लावून दिल्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकल मिळते, पण थंडीत क्लासवरून परतताना दिव्याची सोय आपणच बघायला हवी.

आणि ती ताई? ढोपर बरं झाल्यावर पुन्हा सहाला निघू लागली. पहिले काही दिवस नवरा कोपऱ्यावर उभा राहून तिचा लाल दिवा वळणापर्यंत दिसतो का ते बघत होता. आता बघत नाही.

शेवटचं एक सांगतो. दिवा लावला म्हणजे सगळी जबाबदारी आपलीच, असं नाही. वळणावरचा बंद खांब, रस्त्यात वाढलेल्या बाभळी, न बुजवलेले खड्डे हेही अपघात घडवतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्या राज्याचा कायदा आहे. तिथं हे विषय लेखी मांडा आणि ठरावात नोंद झाली का ते बघा.

येत्या बैठकीत ही चाचणी तुम्हीही करून बघा. फक्त रहदारी नसलेला रस्ता निवडा आणि कडेलाच उभ्या राहा. किती पावलांवर तुमची सायकल दिसेनाशी झाली, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी घरच्या घरी ब्रेक कसे आवळायचे ते बोलू. तोवर सांभाळून जा.