ज्याचा हातोडा, त्याचा साग

सागचोरीची बातमी पेपरात चार ओळींत आटोपते. लठ्ठे जप्त, बैलगाडी ताब्यात, आरोपी पसार. चंद्रपूर-गडचिरोलीत कोर्टकचेरीच्या बातम्या करताना कळलं, की खरा किस्सा त्या ‘बैलगाडी ताब्यात’पासून सुरू होतो. भारतीय वन अधिनियमाचं कलम ५२ गाडी, नाव, हत्यारं, जनावरं सगळं जप्त करू देतं, पण जप्त बैलांना वैरण कोण घालणार, हे सांगत नाही. एका रेंज ऑफिसात पहाटे आणलेली जोडी दुपारपर्यंत अशी हंबरली, की गार्डनं स्वतःच्या खिशातून कडबा मागवला. संध्याकाळी सुपूर्दनाम्यावर बैल गेले ते आरोपीच्या सख्ख्या भावाकडे. पंचही त्याच गावचे. सही करताना एकानं विचारलं, “साहेब, गाडी केव्हा सुटन? धान आणाचा हाये.”

इथल्या वनगुन्ह्यात पोलीस फारसे येतच नाहीत. गार्ड ‘पीओआर फाडतो’, म्हणजे गुन्ह्याचा पहिला अहवाल लिहितो. पुष्कळ प्रकरणं कलम ६८खाली नुकसानभरपाई घेऊन तिथंच मिटतात. १९२७च्या मूळ कायद्यात राखीव जंगलातल्या तोडीला सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड होता, महाराष्ट्रानं पुढं तो वाढवला. पण लोक भितात ते कैदेपेक्षा गाडी जाण्याला. आणि गाडी सरकारजमा करण्याचा निर्णय घेणारा अधिकारीही वनखात्याचाच.

वकिलांचा लाडका मुद्दा वेगळा. जून २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेप्रमाणे उभं झाड चोरताच येत नसे, कारण जमिनीला जखडलेली वस्तू ‘जंगम’ नसे. ते तुटून वेगळं झालं, की त्या क्षणी चोरी घडे. १८६०च्या संहितेत चोरीच्या कलमाखालचं पहिलंच उदाहरण झाड तोडण्याचं आहे. मग अर्धा घाव घातलेल्या झाडाशी पकडलेला माणूस कोण? चोर नव्हे. वन अधिनियमाला मात्र असल्या बारकाव्याची गरज नाही. तिथं तोडणं गुन्हा, साल काढणंही गुन्हा.

सगळ्यात जबर कलम ६९. वनोपज कुणाचं, असा वाद आला, की उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचं धरायचं. बाकी फौजदारी कायद्यात सहसा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं, इथं ते दुसऱ्याच्या खांद्यावर. एका गोंड म्हाताऱ्याच्या घराच्या सागाच्या खांबांवर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का नाही, म्हणून चौकशी झाली. तो म्हणाला, “हे माह्या आज्यानं उभे केले. पावती त्याले मांगा.” खोलीतल्या कुणालाच हसू आवरलं नाही, पण जबाबात हे वाक्य काही उतरलं नाही. याच भागातला साग मार्च २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून वाजतगाजत निघाला. कागद आणि शिक्का असला, की लाकडाची मिरवणूक निघते.

चोरीच्या शिक्षांवर बोलताना एका निवृत्त वकिलानं मला अफगाणिस्तानचा दाखला दिला होता. तिथल्या १९७६च्या आणि मग २०१७च्या दंडसंहितेनं ‘हद्द’च्या, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेल्या शिक्षा हनफी फिक्हवर (धर्मशास्त्रावर) सोपवल्या होत्या, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये तालिबानच्या प्रमुखानं त्या अमलात आणायला न्यायाधीशांना फर्मावलं. चोराचा हात तोडणं त्यातलंच. मी नाक मुरडलं, तर वकीलसाहेबांनी ‘हिदाया’ पुढं केला. बाराव्या शतकातला मर्घिनानींचा हा हनफी ग्रंथ. कंपनी सरकारनं तो १७९१मध्ये इंग्रजीत आणवला. त्यात गवत, बोरू, साधं लाकूड चोरणाऱ्याचा हात तोडायचा नाही, कारण मुळात या वस्तू सगळ्यांसाठी मोकळ्या. सरकारी खजिन्यातून चोरणाऱ्याचाही नाही, कारण त्यात त्याचाही वाटा. मात्र साग, आबनूस आणि चंदन चोरलं, तर तोडायचा! हात तोडण्याचं समर्थन कोण करील? पण ‘त्यात त्याचाही वाटा’ हे वाक्य त्या म्हाताऱ्यानं ऐकायला हवं होतं असं वाटलं. आमच्या कलम ६९ला असला वाटा ठाऊक नाही.

तो वाटा कायद्यात यायला २००६चा वनहक्क कायदा लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यानं बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. पण विकायला न्यायचा, तर वाहतूक परवान्याचं, म्हणजे टीपीचं पुस्तक खात्याच्या कपाटात! हक्क गावाचा आणि टीपी साहेबांची, म्हणजे स्वतःचाच बांबू गाडीत घातला की पुन्हा नाक्यावर गुन्हा. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हा पेच धरून ठेवला. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगल तेच, कोयता तोच, पण काल ज्या सहीसाठी साहेबांच्या दारात उभं राहावं लागे, ती आता ग्रामसभेची झाली.

सागाचं तसं झालेलं नाही. वनहक्क कायद्यात इमारती लाकूड बसत नाही, त्यामुळं पावसाळ्यात प्राणहितेतून तराफे करून पलीकडं तेलंगणात नेलेल्या लठ्ठ्यांच्या चार ओळी अजून पेपरात येतात. आरोपी बहुधा पसारच असतो.